फडकं हाती घेणारा वैमानिक

मध्यंतरी मुलीकडे परदेशी जाण्याचा योग आला. तिकीट एका परदेशी कंपनीचं होतं. जाताना जे विमान मिळालं ते अगदी कोरं करकरीत होतं. ताफ्यात दाखल होऊन त्याला फार तर दोन महिने झाले असतील. नव्या गाडीत येतो तसा वास आत भरून राहिला होता. नव्या घरात पाऊल टाकल्यावर माणसं जशी वागतात, तसं आम्हा सगळ्यांचं चाललं होतं. कुणी खुर्ची मागे-पुढे करून पाहत होतं, कुणी डोक्यावरचा दिवा उगाचच लावत-मालवत होतं. एक आजोबा समोरच्या पडद्यावर बोट ठेवून विमान कुठवर आलं ते नातवाला दाखवत होते. शेजारच्या साताऱ्याकडच्या बाई स्वच्छतागृहात जाऊन आल्या आणि तिथल्या लखलखीतपणाचं साग्रसंगीत वर्णन त्यांनी पुढच्या-मागच्या दोन-तीन रांगांना ऐकवलं.

परतीच्या वेळी त्याच कंपनीचं जुनं विमान वाट्याला आलं. माझी खुर्ची मागे जाईना. सौ.च्या पुढचा पडदा काळाठिक्कर. जेवणाचा ट्रे एका बाजूने असा लोंबत होता की चहाचा पेला हातातच धरून बसावं लागलं. थोड्या वेळाने ती माझ्या कानाशी लागली. एवढा एक स्क्रू पिळायला ज्यांना सवड झाली नाही, ते इंजिनाकडे तरी नीट बघत असतील का, असा तिचा प्रश्न होता. मी तिला समजावलं. इंजिन तपासणारे वेगळे असतात, त्यांचे नियम कडक असतात, ट्रेचा आणि इंजिनाचा काही संबंध नसतो, वगैरे वगैरे. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि रात्रभर खुर्चीचा हात घट्ट धरून ती जागीच राहिली.

माझी उमेदीची छत्तीस वर्षं बँकेत गेली. सौ.चा हा तर्क मला अनोळखी नव्हता. खातेदार कधी आमची तिजोरी पाहत नाही, ताळेबंद तर मुळीच वाचत नाही. त्याला दिसते ती काउंटरवरची धूळ, सुतळीने बांधलेलं न उठणारं पेन आणि खिडकीमागच्या माणसाचा चेहरा. एवढ्यावरून तो ठरवतो की आपला प्रॉव्हिडंट फंडाचा पैसा इथे सुखरूप राहील की नाही. हा तर्क अन्यायाचा आहे, पण साऱ्या बँका त्याच्यावरच उभ्या आहेत. त्या रात्री विमानात मला राहून राहून आठवण येत होती ती जहांगीर रतनजी दादाभाई टाटांची. ताफ्यात नवं विमान आलं की त्याच्या इंजिनाइतकंच त्याच्या कपबशीकडेही पाहायला हवं, हे त्यांना फार लवकर उमगलं होतं.

जेआरडींचा जन्म पॅरिसचा, २९ जुलै १९०४चा. वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटांच्या नात्यातले आणि व्यवसायातले भागीदार. आई सुझान ब्रिएर, फ्रेंच. मुलाचं शिक्षण फ्रान्स, जपान, इंग्लंड आणि मुंबई असं विखुरलेलं. उत्तर फ्रान्समध्ये समुद्रकाठी हार्देलो नावाच्या गावी हे कुटुंब सुट्टीला जाई. तिथे शेजारी घर होतं लुई ब्लेरिओचं. हा तोच ब्लेरिओ, ज्याने १९०९ साली विमानाने इंग्लिश खाडी प्रथम ओलांडली. त्याची विमानं त्या वाळूवर उतरत. आपल्याकडे नदीकाठची पोरं नावाड्यामागे फिरतात तसा हा पोरगा विमानांमागे फिरू लागला. पंधराव्या वर्षी त्याच किनाऱ्यावर पैसे भरून विमानात बसायला मिळालं आणि पुढच्या साऱ्या आयुष्याची दिशा ठरून गेली.

एक गोष्ट इथे ध्यानात घेण्याजोगी आहे. विमानाशी त्यांची पहिली भेट झाली ती प्रवासी म्हणून. वैमानिक ते त्यानंतर दहा वर्षांनी झाले.

आई १९२३ साली गेली. १९२५च्या अखेरीस ते भारतात आले आणि टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झाले. वर्षभरात वडीलही गेले. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी घरातला हा थोरला मुलगा घराचा कर्ता होऊन बसला. १९२९ साली मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला आणि १० फेब्रुवारीला त्यांच्या हाती वैमानिकाचा परवाना पडला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना. त्याच्यावर क्रमांक होता १. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडलं.

पुढच्या वर्षीची एक हकिकत मला फार आवडते. आगाखानांनी बक्षीस लावलं होतं. इंग्लंड ते भारत, किंवा भारत ते इंग्लंड, हा पल्ला एकट्याने विमान चालवून जो भारतीय पहिला गाठील त्याला ते मिळणार होतं. जेआरडी कराचीहून निघाले होते, अस्पी इंजिनियर नावाचा कोवळा तरुण इंग्लंडहून. वाटेत इजिप्तमधल्या अबूकीर इथे दोघांची गाठ पडली. अस्पीचं विमान स्पार्क प्लगांवाचून अडलं होतं. जेआरडींनी जवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. शर्यत अस्पीने जिंकली, तीही थोडक्या तासांनी. हा अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. बँकेच्या भाषेत बोलायचं तर हे बुडीत कर्ज. पण ते दिल्याची हळहळ जेआरडींना कधी वाटल्याचं दिसत नाही.

मग आलं १९३२. नेव्हिल व्हिन्सेंट हा ब्रिटिश हवाई दलातला माजी वैमानिक. त्याने टपाल विमानाने नेण्याची योजना आखली होती. जेआरडींनी ती उचलून धरली. अध्यक्ष सर दोराबजी फारसे राजी नव्हते. अखेर सुमारे दोन लाख रुपयांच्या भांडवलाला होकार मिळाला. सरकारने अनुदान द्यायचं नाकारलं. ताफा केवढा? दोन पुस मॉथ विमानं. एकेक इंजिन, लाकूड-कापड-लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि आत जेमतेम दोघा-तिघांची जागा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन जेआरडी स्वतः निघाले, इंधनासाठी अहमदाबादला उतरले आणि दुपारी जुहूच्या धावपट्टीवर आले. तिथून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला व्हिन्सेंटने टपाल नेलं. जुहूची ती जागा म्हणजे समुद्रकाठची दलदल. पावसाळ्यात पाण्याखाली जायची. मग चार महिने बिऱ्हाड पुण्याला हलायचं! वाट दाखवणारा रेडिओ नाही, खाली दिवे नाहीत. तरीही सरकारी नागरी हवाई खात्याने १९३३-३४च्या अहवालात या सेवेच्या वक्तशीरपणाची तारीफ केली आणि टपालसेवा चालवावी तर अशी, असा तिचा दाखला दिला.

पहिल्या वर्षात प्रवासी मिळाले ते दीडशेच्या आसपास. ते बसले टपालाच्या शेजारी, किंबहुना टपालाच्या कृपेने. इंजिनाच्या आवाजात बोलणं अशक्य आणि हादऱ्यांनी हाडं खिळखिळी. त्यांच्यापैकी कुणी काही लिहून ठेवलं असेल तर माझ्या वाचनात नाही. पण टपाल वेळेवर पोचतं हे ते पाहत होते आणि त्या भरवशावर आपला देह त्यांनी थैल्यांच्या शेजारी ठेवला होता. पतपेढीत पहिली ठेव ठेवणाऱ्याइतकंच त्यांचं मोल मला वाटतं.

ताफा वाढत गेला. जेआरडी १९३८ साली, चौतिसाव्या वर्षी, टाटा उद्योगाचे अध्यक्ष झाले. तेव्हा त्यांच्या हाती पोलाद होतं, वीज होती, कापड होतं. तरी जीव विमानातच. व्हिन्सेंट १९४२ साली युद्धात विमानासह नाहीसा झाला. युद्धानंतर १९४६ साली कंपनी भागधारकांची झाली आणि नाव कुठलं घ्यावं यावर कर्मचाऱ्यांचा कौल घेऊन एअर इंडिया हे नाव ठरलं. त्याच वर्षी बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांच्या हातून मिशीवाला, लवून नमस्कार करणारा महाराजा जन्माला आला. स्वातंत्र्यानंतर सरकारला भागीदार करून परदेशी सेवेसाठी वेगळी कंपनी निघाली आणि ८ जून १९४८च्या रात्री मलबार प्रिन्सेस हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. चार इंजिनं, आतली हवा दाबाखाली ठेवण्याची सोय, उंचावरून जाणारं असं हे विमान म्हणजे त्या काळचं नवलच. आत ३५ प्रवासी होते. त्यांत नवानगरचे जामसाहेब होते, इतरही संस्थानिक होते आणि लंडन ऑलिंपिकला निघालेले सायकलपटूही होते. जेआरडी पत्नीसह त्यांच्यातच बसले होते. नव्या विमानात अध्यक्षाने प्रवाशाच्या खुर्चीत बसावं, हा त्यांचा परिपाठ पुढे कायम राहिला.

हेच मलबार प्रिन्सेस ३ नोव्हेंबर १९५० रोजी माँ ब्लांच्या बर्फात कोसळलं. ४८ माणसं गेली. ताफ्यातल्या विमानांची यादी सांगताना हे पान उलटून पुढे जाता येत नाही. पंधरा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ला, त्याच पर्वतावर कांचनजंगा हे बोइंग पडलं आणि डॉ. होमी भाभांसह ११७ जण गेले. लोकांनी तरीही पुन्हा तिकिटं काढली. का काढली? मला वाटतं, त्याचं उत्तर कपबशीच्या त्या वेडात कुठेतरी आहे.

१९५३ साली विमानसेवांचं राष्ट्रीयीकरण झालं. जेआरडींना ते पटलं नव्हतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. नेहरूंच्या आग्रहावरून मात्र त्यांनी परदेशी सेवेचं अध्यक्षपद स्वीकारलं, एक पैचंही वेतन न घेता. ज्याची संस्था काढून घेतली, तोच तिचा बिनपगारी कारभारी झाला आणि २५ वर्षं राहिला. प्रवासात ते टिपणं काढीत आणि परतल्यावर ती त्या त्या खात्याकडे जात. पडद्यांचा रंग, खुर्चीचा कल, हवाई सुंदरीची केशरचना, मद्याचा थंडावा, चहा आणि कॉफी रंगावरून वेगळी ओळखू येते की नाही, असं सगळं त्यांत असे. एकदा तिकिटांच्या काउंटरवर धूळ दिसली तेव्हा त्यांनी फडकं मागवलं आणि स्वतःच पुसायला घेतलं, असं सांगतात. विमानातल्या स्वच्छतागृहातले कागदाचे रोल नीट लावलेत की नाही हेही ते आत जाऊन बघत. अध्यक्षाने हे करावं का, असा प्रश्न आमच्या बँकेत नक्की निघाला असता आणि त्यावर एक परिपत्रकही निघालं असतं.

पुढे १९६०मध्ये बोइंग ७०७ आलं. आशियातल्या कंपन्यांत जेट ताफ्यात आणणारी पहिली कंपनी म्हणून एअर इंडियाचं नाव झालं. या विमानांना हिमालयातल्या शिखरांची नावं दिली गेली. वेग जवळजवळ दुप्पट झाला, पंख्यांची थरथर थांबली आणि प्रवाशाला भरल्या पेल्यातला चहा न सांडता पिता येऊ लागला. न्यूयॉर्कची सेवाही त्याच वर्षी सुरू झाली. १९६२ साली ताफ्यातलं शेवटचं पंख्याचं विमानही निवृत्त झालं आणि संपूर्ण जेट ताफा असलेली कंपनी असा लौकिक पसरला.

आता खरं सांगायचं तर आमच्या घरात विमान फक्त ऐकू यायचं. विलेपार्ल्याच्या आमच्या चाळीवरून ते गेलं की मांडणीवरची भांडी वाजत. आई हात जोडी, वडील वर्तमानपत्र खाली न करता बोलायचं थांबत. रेशनच्या रांगा असलेल्या देशाने परकीय चलन मोजून ही विमानं का घ्यावीत, हा प्रश्न तेव्हा विचारला जाई आणि तो गैर नव्हता. १९७१ साली पहिलं जंबो, एम्परर अशोक, आलं तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. चाळीतली झाडून सगळी पोरं गच्चीवर. खिडक्यांभोवती राजवाड्यासारखे झरोके रंगवलेलं ते दुमजली धूड आमच्या डोक्यावरून गेलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. आपण कधी त्यात बसू, हा विचारही कुणाच्या मनाला शिवला नाही.

त्या विचाराला पहिल्यांदा दार उघडलं आमच्या चाळीतल्या एका फिटरने. रत्नागिरीकडचा हा माणूस १९७६च्या सुमारास आखातात गेला, एअर इंडियाच्याच विमानाने. दोन वर्षांनी परत आल्यावर अख्खी चाळ त्याच्याभोवती जमली. विमानाच्या आकाराबद्दल, उंचीबद्दल तो काहीच बोलेना. सांगत राहिला ते एवढंच की, कोट घातलेल्या साहेबाला चहा घेणार की कॉफी हे ज्या स्वरात विचारलं, त्याच स्वरात मलाही विचारलं. महाराजांसाठी बेतलेली ती कपबशी त्याच्यापर्यंत न फुटता पोचली होती. मला वाटतं, जेआरडींच्या टिपणांची खरी परीक्षा तिथे झाली.

१ जानेवारी १९७८च्या संध्याकाळी तेच एम्परर अशोक सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि काही मिनिटांत वांद्र्याच्या समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. दुसऱ्या दिवशी मी किनाऱ्यावर गेलो होतो. शेकडो माणसं नुसती पाण्याकडे पाहत उभी होती, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. ज्याला आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या ते तिथे तळाशी होतं.

महिन्याभराने, फेब्रुवारी १९७८मध्ये, मोरारजी देसाईंच्या सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केलं. या निर्णयाचा अपघाताशी संबंध नव्हता. तो राज्यकर्त्यांचा निर्णय होता. ४६ वर्षांच्या सोबतीचा हा शेवट त्यांना सरकारकडून आधी समजलाही नाही. त्यांच्या जागी येणाऱ्या गृहस्थांकडून समजला. १९८० साली इंदिरा गांधींनी त्यांना संचालक मंडळावर परत घेतलं, पण ते अध्यक्षपद गेलं ते गेलंच. पोलादाचा, मोटारींचा, रसायनांचा एवढा पसारा सांभाळणाऱ्या माणसाला ज्याचा चटका लागला, ती बिनपगारी नोकरी होती! बँकेतून निवृत्त होताना माझ्या टेबलाचा खण रिकामा करताना मला याची आठवण झाली होती.

१५ ऑक्टोबर १९८२ला, ७८व्या वर्षी, त्यांनी लेपर्ड मॉथ हे एका इंजिनाचं जुनं विमान पुन्हा एकट्याने कराचीहून जुहूला आणलं. पन्नास वर्षांपूर्वीचाच मार्ग. सोबतीला जंबो नव्हतं, सेवेला कुणी नव्हतं. वैमानिक तेच आणि प्रवासीही तेच. १९९२ साली भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात ते गेले आणि पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत विसावले.

त्यानंतरचा इतिहास आपल्या डोळ्यांसमोरचा. तोट्यात रुतलेली एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी टाटांकडे परत आली. फेब्रुवारी २०२३मध्ये ४७० नव्या विमानांची मागणी जाहीर झाली. दोन पुस मॉथपासून निघालेला हा आकडा वाचून माझ्यातला बँकवाला क्षणभर कर्ज, तारण आणि घसाऱ्याचा हिशेब मांडू लागला. मग १२ जून २०२५चा दिवस आला. अहमदाबादहून लंडनला निघालेलं विमान उड्डाण करताच कोसळलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले. जिथे १९३२ साली जेआरडी इंधनासाठी उतरले होते, तेच हे शहर. त्या दिवशी आमच्या घरी दूरदर्शनचा आवाज कुणीतरी बंद केला आणि नुसती चित्रं पाहत आम्ही बसलो.

विमान विकत घेतलं की ते कंपनीच्या वहीत मालमत्ता म्हणून चढतं. सौ.च्या वहीत ते इतक्या सहजी चढत नाही. तिथे दर फेरीला नव्याने नोंद होते आणि एका सैल स्क्रूने ती खोडलीही जाते. जेआरडींनी ही दुसरी वही पन्नासएक वर्षं निगुतीने सांभाळली. अपघात त्यांच्या काळातही झाले. फडक्याने अपघात टळत नाहीत. पण वरचा माणूस स्वतः धूळ पुसतो हे ज्याला दिसतं, तो खालचा मेकॅनिक नट पिळताना एक वेढा अधिक देत असावा, असा माझा भाबडा विश्वास आहे.

पुढच्या महिन्यात पुन्हा मुलीकडे जायचं आहे. विमान नवं मिळेल की जुनं, ठाऊक नाही. सौ.ने सामानाची यादी केली आहे. मेतकूट, लोणच्याची बरणी, नातीची झबली आणि सगळ्यांत शेवटी एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर. तो विमानात नेऊ देत नाहीत हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.